नवं जोडपं, जुने गुडघे आणि जेजुरीचा गड

आमच्या घरात लग्न ठरलं की मांडवाची यादी एक जण करतो, आहेराची दुसरा, रुसव्याफुगव्यांची तिसरा. लग्नानंतर नव्या जोडीनं खंडोबाच्या दर्शनाला जायचं असतं, त्या जेजुरीची यादी मात्र माझ्याकडे येते. गेल्या वीसेक वर्षांत सख्खी-चुलत मिळून सात जोडपी मी गडावर नेऊन सुखरूप खाली आणली आहेत. तसं सुखरूप म्हणायचं आपलं. एक पुतण्या पुढचे चार दिवस कमरेला शेक घेत होता आणि एका जावयाचा मोबाइल कित्येक महिने चार्जिंगच्या भोकातून हळद ओकत होता. त्या सात फेऱ्यांत जे शिकले ते इथे क्रमानं सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. गाडीत वय वर्षं दोनपासून ब्याऐंशीपर्यंतची माणसं असणार. तरण्यांच्या उत्साहावर बेत आखला की दुपारपर्यंत सगळी यात्रा विस्कटते. बेत आखायचा तो गाडीतल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याच्या चालीनं. देव कुठे जात नाही, गुडघा मात्र जातो.

खंडोबा आपलाच ना?

हसू नका. आमच्याच नात्यातलं एक कुटुंब दोन पिढ्या जेजुरीला जात होतं. मग गावाकडच्या एका जुन्या वहीत निघालं की त्यांचं मूळ ठाणं साताऱ्याकडचं पाल. खंडोबाची ठाणी महाराष्ट्र-कर्नाटकात पसरलेली आहेत. जेजुरी सगळ्यांच्या तोंडी आहे, पण पाल आहे, निमगाव दावडी आहे, नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव आहे, सीमेवरचं मंगसुळी आहे. धाराशिव जिल्ह्यात तर देवाची मूर्ती वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला असते. तिथे जाणाऱ्यानं निघण्याआधी देव सध्या कुठल्या घरी आहे हे फोन करून विचारावं. जावयाला भेटायला गेलो आणि तो सासरी निघाला, असं व्हायचं.

म्हणून गावाकडच्या थोरल्या घरी विचारा. देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा, कुठे भेटवायला नेत, एवढा एक प्रश्न बहुतेक पुरतो. पालचं कुळ जेजुरीला गेलं तर देव रागावतो असं काही नाही. वाटेत थोरला भाऊ लागला म्हणून नमस्कार करून पुढे जायचं, इतकंच.

कुळाचार एकाच तोंडून ऐका

हा टप्पा लोक वगळतात आणि मग गडावर ऐन गाभाऱ्यासमोर भांडतात. आमच्या पहिल्या फेरीत थोरल्या काकांचं म्हणणं, आधी तुळजापूर, मग जेजुरी. आत्याबाई म्हणाल्या, छे, जागरण-गोंधळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. धाकट्या काकांना फक्त जेवण कुठे आहे ते हवं होतं. तिघंही आपापल्या परीनं बरोबर होते, कारण प्रत्येकाला आपल्या लग्नात जे झालं तेच आठवत होतं.

उपाय सोपा. घरातलं सगळ्यात जाणतं एकच माणूस धरा, शक्यतो घरात पन्नास वर्षं काढलेली सासू, आणि तिला इतकं विचारून लिहून घ्या: जागरण आधी की नंतर? गडावर तळी भरायची की घरी आल्यावर? अभिषेक करायचा का? म्हाळसेची ओटी कशानं भरायची? नैवेद्य पुरणपोळीचा की भरीत-रोडग्याचा? आणि ज्यांच्याकडे असतं त्यांनी हेही स्पष्ट विचारावं, की तिखटाचं, म्हणजे मांसाहारी, जेवण आहे का, असलं तर कधी आणि कुठे. हा प्रश्न लाजत टाळला तर परतीच्या वाटेवर अर्धी गाडी रुसते.

लिहिलेला कागद कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि त्यावर चर्चा बंद करा. कुणी नवा मुद्दा काढलाच तर ‘पुढच्या लग्नात’ म्हणायचं.

दिवस निवडताना

रविवार हा खंडोबाचा वार. म्हणजे रविवारी आपण सोडून बाकी सगळा महाराष्ट्रही तिथे असतो. चैत्र, पौष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रा, मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, दसरा आणि सोमवारी येणारी अमावस्या, म्हणजे सोमवती, हे दिवस जेजुरी पाहायला एकदा तरी गाठावेत. सोमवतीला देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि मागच्या डोंगरावरच्या कडेपठाराची पालखी डोंगरातल्या रमणा या ठिकाणी एकमेकींना भेटतात आणि मग सुमारे 42 किलोचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, हातानं, अगदी दातानंही उचलण्याची चढाओढ लागते. पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. सगळं बघण्यासारखं, पण अंगावर शालू, हातात हिरवा चुडा आणि सोबत आजेसासू असताना नव्हे.

नव्या जोडीसाठी मंगळवार ते गुरुवार यातला एखादा साधा दिवस घ्या. ऑफिसात एक रजा जास्त पडते, हे खरं. पण रविवारी रांगेत तीन तास उभं राहून नव्या सुनेला सासरच्या सगळ्या माणसांचे खरे स्वभाव एकदमच कळतात. ते हळूहळू कळलेले बरे.

ऋतूही पाहा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर पायऱ्यांचा दगड तापलेला तवा होतो. पावसाळ्यात डोंगर सुंदर हिरवा दिसतो, पण ओल्या दगडावर भिजलेली हळद पडली की पायरीची घसरगुंडी होते. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वात सोयीचा, पौर्णिमा आणि चंपाषष्ठी तेवढ्या टाळून.

पिशवीत काय

पूजेचं सामान आदल्या रात्रीच एका पिशवीत भरा आणि ती पिशवी एकाच माणसाच्या ताब्यात द्या. एक पसरट ताम्हन, विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ, बेल, सुटी नाणी, ओटीसाठी खण आणि तांदूळ, पुरुषांच्या डोक्याला टोप्या किंवा उपरणी. टोप्या हमखास विसरतात. मग वर गेल्यावर रुमालाला चार गाठी मारून वऱ्हाड उभं राहतं आणि फोटोत सगळे पोहायला निघाल्यासारखे दिसतात.

दुसरी पिशवी माणसांसाठी. पाणी, गूळ-शेंगदाणे, आजोबांच्या गोळ्या, लहानग्याचे कपडे, दम्याचा त्रास असणाऱ्यासाठी मास्क. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा. मोबाइलसाठी झिपची पारदर्शक पिशवी घ्या. तीन रुपयांच्या पिशवीनं तीस हजारांचा फोन वाचतो. आणि दोन जुन्या चादरी, गाडीच्या सीटवर टाकायला. भाड्याची गाडी असेल तर नक्कीच, कारण चालकाचा चेहरा परतीच्या वेळी पाहवत नाही.

कपड्यांबद्दल नव्या नवरीला आधीच सांगा. जरीचा भारी शालू घरच्या पूजेला नेसावा. गडावर सुती किंवा साधी साडी, शक्यतो पिवळी. पिवळ्यावर पिवळं दिसत नाही, हा शहाणपणा आमच्या आजीचा.

निघायचं कधी, जायचं कसं

पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी असा साधारण 50 किलोमीटरचा रस्ता आहे. हीच वाट आषाढी वारीला ज्ञानेश्वर माउलींची पालखीही घेते आणि जेजुरीत तिच्यावर भंडारा उधळला जातो. विठ्ठलाचे वारकरी आणि मल्हारीचा भंडारा ही भेट एकदा पाहाच. बारामतीकडून येणाऱ्यांना मोरगाववरून यावं लागतं, म्हणजे मयूरेश्वराचं दर्शन वाटेवरच. साताऱ्याकडचे लोक नीरेवरून येतात. पुणे-मिरज लोहमार्गावर जेजुरी स्टेशनही आहे, आणि स्वारगेटहून एसटी मिळते.

पहाटे पाचला गाडी सुटली पाहिजे. म्हणजे सगळ्यांना चारची वेळ सांगायची. हे वाक्य घरातल्या कुणालाही वाचू देऊ नका.

पायथ्याशी: चपला आणि भंडारा

गाडी लागली की दुकानदारांचे आवाज सुरू होतात, ‘चपला इथं ठेवा’. पद्धत अशी की ज्याच्याकडून भंडारा-खोबरं घ्याल त्याच्याकडेच चपला राहतात. दुकान ठरवण्याआधी भाव विचारा. ताट भरून दिल्यावर भाव विचारणं म्हणजे हळद लागल्यावर मुलगा काय करतो विचारण्यासारखं. आणि दुकानाचा फोटो काढून ठेवा. उतरताना सगळी दुकानं सारखीच पिवळी दिसतात.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. निदान असायला हवी. स्वस्तातल्या पुडीत रंग घातलेली भलतीच भुकटी असू शकते. ती अंगाला खाजते, डोळ्यांना झोंबते. चिमूटभर बोटांत चोळा आणि वास घ्या. हळदीचा उग्र, मातकट वास आला पाहिजे. नुसताच झगझगीत रंग आणि वास शून्य, तर पुढचं दुकान बघा. मी स्वतः तळीसाठी, कपाळाला लावण्यासाठी आणि घरी न्यायच्या पुड्यांसाठी हळद घरूनच नेते, ओळखीच्या गिरणीत दळलेली. उधळायला तेवढी तिथून घेते, म्हणजे पायथ्याच्या दुकानदाराचंही चालतं.

उचलायचा कार्यक्रम

ज्यासाठी भाचे, मेहुणे, मित्र सगळे सुट्टी टाकून येतात तो क्षण हा. नवऱ्या मुलानं बायकोला उचलून घेऊन पायऱ्या चढायच्या. सगळा गड नव्हे, पाच पायऱ्या. ही गोष्ट मुलाला आधी सांगा. आमच्या एका भाच्यानं कुणाचं तरी ऐकून तीन महिने व्यायामशाळा लावली होती आणि पाच पायऱ्या झाल्यावर ‘बस?’ म्हणून तो खट्टू झाला. एका पुतण्यानं काहीच तयारी केली नाही. तो हा लेख सुरू झाला तेव्हाचा शेकवाला.

तंत्र असं. अगदी खालच्या पायऱ्यांवर, चढ सुरू होण्याआधीच हे उरकायचं. पाय ताजे असतात आणि खाली सपाट जागा असते. पायरी कोरडी बघा, हळद सांडली असेल तर पायानं बाजूला करा. नवरीनं पदर आणि निऱ्या आवरून घ्यायच्या, नाहीतर त्याच निऱ्यांवर नवऱ्याचा पाय पडतो. मुलानं कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरून उचलायचं, पोत्याला उचलतात तसं (हे नवरीसमोर बोलू नका). तिनं एक हात त्याच्या मानेभोवती घट्ट ठेवायचा. दोन दणकट माणसं मागे उभी करायची, आणि ती फोटो काढणारी नसावीत. फोटोवाला समोरून, वरच्या पायरीवर, एकच. पाच जण पाच बाजूंनी ‘इकडे बघ’ ओरडायला लागले की तोल जातो.

कुणाची पाठ दुखरी असेल, नवरी पोटुशी असेल, किंवा दोघांनाही हा प्रकार नको असेल तर हातात हात घालून पाच पायऱ्या चढा. कुणी टोमणा मारलाच तर त्याच्याच बायकोला तिथे बोलवा आणि त्याला म्हणा, ‘तुम्ही करून दाखवा.’ टोमणे त्या दिवसापुरते थांबतात. मागच्या वर्षी एका सुनेनं पाच पायऱ्या झाल्यावर नवऱ्यालाच उचललं. ती कुस्ती खेळलेली होती. आजेसासूबाई इतक्या हसल्या की त्यांना बसवावं लागलं.

चढ

लोकगीतांत गडाला नवलाख पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात चारेकशे आहेत, पण चाळिशीनंतर गीतातला आकडा जास्त पटतो. पायऱ्या रुंद आणि दगडी, वाटेत कमानी आणि दीपमाळा. न थांबता तरणा माणूस पंधरा-वीस मिनिटांत वर जातो. आपल्याला पाऊण तास धरायचा आहे.

म्हाताऱ्या माणसांना पुढे ठेवा. सगळे हे उलट करतात: मुलं पळतात, मोठे मागे रखडतात, मग पुढच्यांनी कंटाळून थांबायचं, मागचे धापा टाकत पोहोचले की पुढचे लगेच निघायचं. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे असला की कुणी मागे पडतच नाही. प्रत्येक कमानीपाशी दोन मिनिटं थांबा. ‘दमलात का?’ असं विचारू नका. कुठलेही मराठी आजोबा हो म्हणणार नाहीत. ‘इथून गाव काय छान दिसतंय,’ असं म्हणा, ते आपोआप बसतात.

साधारण अर्ध्या वाटेवर बाणाईचं ठाणं लागतं. इथे मोठा थांबा घ्या आणि मुलांना गोष्ट सांगा. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. गोष्टीत देव म्हाळसेशी सारीपाट खेळून डाव हरतो, बारा वर्षं घर सोडतो, आणि बाणाईच्या बापाकडे मेंढ्या राखायला राहतो. पुढे दोघींचं पटेना, तेव्हा डोंगर वाटून दिला: वरचा भाग म्हाळसेचा, खालचा बाणाईचा. दोन बायकांच्या भांडणात देवालासुद्धा जागेची वाटणी करावी लागली, हे ऐकून नवे नवरदेव जरा गंभीर होतात. वाणी, धनगर, मराठा, ब्राह्मण, रामोशी, कोळी, सगळ्यांची नाती या एका घरात येऊन मिळतात. काही मुसलमान भक्त याच देवाला मल्लूखान म्हणतात.

गुडघे इथेच संपले तर इथेच थांबायचं. आमच्या मोठ्या काकू शेवटच्या दोन खेपांना बाणाईपाशीच बसल्या. वरून अंगारा-भंडारा आणून त्यांच्या कपाळी लावला, आणि त्यांनी कळसाकडे बघून हात जोडले. कुणी तरी एक जण सोबत ठेवा, पाण्याची बाटली आणि सुरू असलेला फोन देऊन. ‘आम्ही येतोच पंधरा मिनिटांत’ असं खोटं सांगू नका. दोन तास लागतील हे सांगितलं की माणूस निवांत बसतो.

वाटेत वाघ्या-मुरळी भेटतील, डफ-तुणतुण्यावर खंडोबाची गाणी म्हणणारे. दोन मिनिटं ऐका, हातावर काही ठेवा, आणि फोटो विचारून काढा.

वर पोहोचल्यावर

महाद्वारातून आत गेलं की तटबंदीच्या आतलं दगडी आवार आणि मधोमध पितळी पत्र्यानं मढवलेलं भलंमोठं कासव दिसतं. नव्या माणसाचे डोळे तिथेच अडकतात. गडाचं बरंचसं बांधकाम होळकरांच्या काळातलं. खंडोबा त्यांचं कुलदैवत. शहाजीराजे आणि शिवाजीराजे यांची भेट याच गडावर झाली असंही परंपरेनं सांगतात.

क्रम असा ठेवा: आधी दर्शन, मग ओटी, मग तळी, उधळण सगळ्यात शेवटी. उधळण आधी केली की पिवळ्या हातांनी ओटी भरायची वेळ येते, आणि खणाचा मूळ रंग कोणता होता ते देवीलाही कळत नाही.

दर्शनाच्या रांगेत जोडप्याला एकत्र ठेवा. गर्दीत नवरा पुढे ढकलला जातो आणि नवरी भलत्याच जोडप्याच्या फोटोत जाते. अभिषेक किंवा पूजा करायची असेल तर पावती देवस्थानाच्या कार्यालयातून घ्या, आणि पुजाऱ्यांची दक्षिणा बसण्याआधी ठरवा. अमुक केलं नाही तर संसाराला बाधा येईल असं वाटेत कुणी सांगू लागलं तर खिशातला तो कुळाचाराचा कागद काढायचा आणि नम्रपणे म्हणायचं, ‘आमच्या सासूबाईंनी एवढंच सांगितलंय.’ सासूच्या नावापुढे भलेभले गप्प बसतात.

तळी कशी भरायची

‘अमक्याची तळी उचलणं’ हा शब्दप्रयोग आपण रोज राजकारणाबद्दल वापरतो, पण खरी तळी उचलताना अनेकांची त्रेधा उडते. घरोघरी थोडा फरक असतो. आमच्याकडची पद्धत सांगते.

कासवाच्या आसपास मोकळी जागा बघून स्वच्छ कापड अंथरा. ताम्हनात विड्याची पानं मांडा, त्यावर सुपारी, नाणं, खोबऱ्याच्या वाट्या आणि मधोमध भंडारा. त्यावर बेल. भोवती विषम संख्येनं माणसं बसवा, तीन, पाच किंवा सात, डोक्यावर टोपी किंवा उपरणं. पूर्वी फक्त पुरुष बसत. आमच्याकडे गेल्या तीन लग्नांपासून नव्या सुनेचाही हात ताम्हनाला लागतो. थोरल्या काकांनी पहिल्या वेळी भुवई उंचावली होती, पण मग त्यांच्याच लक्षात आलं की पाचवा माणूस चहाला गेलाय.

सगळ्यांनी ताम्हनाच्या काठाला हात लावायचा. एकानं ललकारी द्यायची, ‘सदानंदाचा...’, आणि बाकीच्यांनी ‘येळकोट!’ म्हणत ताम्हन वर उचलायचं. असं तीनदा. शेवटी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’. गोम इथे आहे की सगळ्यांनी एकाच वेळी उचलायला हवं. दोघांनी आधी आणि तिघांनी नंतर उचललं की भंडारा एकाच्या मांडीवर जातो. म्हणून ललकारी देणारा खणखणीत आवाजाचा निवडा, वयानं मोठा असेल तोच असं नाही. आणि एकदा उभ्या-उभ्या कोरडी तालीम घ्या. कुणी हसलं तर हसू द्या.

मग तो भंडारा एकमेकांच्या कपाळाला लावायचा. धाकट्यांनी थोरल्यांच्या पाया पडायचं. खोबरं फोडून प्रसाद वाटायचा. भंडाऱ्याच्या शपथेला आपल्याकडे फार मान. बेल-भंडार उचलून दिलेला शब्द मोडायचा नाही, असा जुना दंडक. तेव्हा भंडारा हातात असताना नवरा मुलगा ‘घरकामात निम्मं माझं’ वगैरे म्हणाला तर पाच साक्षीदारांनी ते नीट ऐकून ठेवावं. आमच्यातला एक जण म्हणाला होता. येळकोट राहीना, मूळ स्वभाव जाईना. पण त्याची बायको त्याला अजून आठवण करून देते.

उधळण

भंडारा वर, आभाळाकडे उधळायचा; समोरच्याच्या तोंडावर मारायचा नाही. वारा कुठून येतो ते आधी बघा. मूठ सोडताना तोंड मिटा, मुलांना डोळे मिटायला सांगा. तान्ह्या बाळाला या वेळी कुणीतरी बाजूला घेऊन बसावं.

आणि गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट. पेटती दिवटी, कापूर, निरांजन किंवा फटाके जवळ असतील तर भंडारा अजिबात उधळू नका. कुठलीही बारीक कोरडी पूड हवेत पसरली आणि तिला ज्योत लागली की क्षणात भडका उडतो, मग ते पीठ असो की हळद. आधी दिवे शांत होऊ द्या किंवा लांब जा.

कडेपठारालाही जायचं असेल, म्हणजे मागच्या उंच डोंगरावरच्या जुन्या ठाण्याला, तर तो वेगळा दिवस ठेवा. वाट लांब आहे, चढ जास्त आहे. एका दिवसात दोन्ही करू म्हणणारा घरात एक तरी असतोच; त्याला एकट्याला पाठवा.

उतरताना आणि घरी

चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. थोडं तिरकं पाऊल टाकत, कठड्याच्या बाजूनं उतरा. म्हाताऱ्या माणसाच्या पुढे एक पायरी खाली कुणीतरी चाला, मागून हात धरू नका. खाली आल्यावर लगेच गाडीत कोंबू नका, दहा मिनिटं पाय सोडून बसू द्या, चहा पाजा. परतीच्या वाटेवर हंगाम असेल तर सासवडच्या आसपास रस्त्याकडेला पुरंदरचे अंजीर आणि सीताफळं मिळतात. अंजीर खालच्या थरातलेही बघून घ्या.

आता शेवटचं आणि नव्या सुनांनी मला सगळ्यात जास्त वेळा फोनवर विचारलेलं. हळदीचे डाग. घरी आल्यावर कपडे आधी कोरडेच झटका, बाल्कनीत, शेजारच्यांचं वाळवण नाही हे बघून. पूड झटकण्याआधी पाणी लागलं की रंग धाग्यात मुरतो. मग थंड पाण्यात दोनदा खळबळून काढा. नंतर साबण लावला की डाग लालभडक होतो, आणि इथेच फोन येतो: ‘आत्या, साडीला रक्त कसलं?’ घाबरू नका. हळदीतला रंग साबणासारख्या क्षारात लाल होतो, स्वच्छ पाण्यात खळबळला की परत पिवळ्यावर येतो. सुती कपडा तसाच ओला कडक उन्हात वाळत घाला. हळदीला ऊन सोसत नाही. दोन-तीन उन्हांत डाग फिका होत जातो. रेशमी साडी मात्र उन्हात टाकू नका, साडीचाच रंग उडेल. ती झटकून सरळ ड्रायक्लीनला द्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगा.

मोबाइलच्या भोकात गेलेली पूड कोरड्या मऊ ब्रशनं काढा, फुंकर मारून नव्हे. सीटवरच्या चादरी गाडीतच न झटकता चारी टोकं धरून गाठोडं करून बाहेर आणा. उरलेल्या भंडाऱ्याच्या पुड्या बांधा: एक देव्हाऱ्यात, एक शेजारी, एक जे येऊ शकले नाहीत त्यांना. आणि एक पुडी, खोबऱ्याच्या वाटीसकट, गाडीच्या चालकाला.